प्लेटवरचं साल आणि छपाईचं साल

जुन्या नकाशावर १६१० कोरलंय म्हणून तो १६१० सालीच छापलेला असणार, असं कुणालाही वाटेल. सतराव्या शतकातला इंग्रज नकाशाकार जॉन स्पीड याच्या ॲटलासमधल्या काउंटी (म्हणजे तिथले जिल्हे) नकाशांबाबत हा निष्कर्ष काढायची घाई करू नये. १६१० हे प्लेट कोरल्याचं साल. होंडियस या कोरीवकाम करणाऱ्या कारागिराने ॲमस्टरडॅममध्ये कोरलेल्या या तांब्याच्या प्लेटा पुढे शंभराहून अधिक वर्षं छपाईला वापरल्या गेल्या, आणि साल बहुतेक वेळा तसंच राहिलं.

खरी माहिती प्रकाशकाच्या नावात असते. सडबरी आणि हंबल असेल तर प्रत सुरुवातीच्या काळातली. बॅसेट आणि चिझवेल असेल तर १६७६ ची. प्लेट दुसऱ्याकडे गेली की जुनं नाव घासून नवं कोरत. तिथे भिंगातून बारकाईने बघा, पूर्वीच्या अक्षरांच्या पुसट खुणा कधीकधी सापडतात. मला तरी संग्रहातला सगळ्यात मोठा आनंद यातच वाटतो.

मग नकाशा उलटा करा. मागे इंग्रजी मजकूर असेल तर अक्षरजुळणी वेगवेगळ्या आवृत्त्यांशी ताडून बघता येते. लॅटिन असेल तर १६१६ ची आवृत्ती. पाठ कोरी आणि नकाशावर रस्ते दिसत असतील तर प्रत बहुधा अठराव्या शतकातली, कारण काउंटी नकाशांवर रस्ते दाखवायची पद्धत जॉन ओगिल्बीच्या १६७५ च्या रस्त्यांच्या नकाशांच्या पुस्तकानंतर रुळली.

रंगावरून मात्र काळ ठरवू नका. कितीतरी नकाशे विसाव्या शतकात रंगवलेले आहेत.