शब्दचर्चा : ‘मेन्श’ला मराठीत काय म्हणावं?

वेलांटी :
बिली वाइल्डरच्या ‘द अपार्टमेंट’ (१९६०) या चित्रपटाला मराठी सबटायटल द्यायची झाली, तर ‘मेन्श’ या शब्दाचं काय करावं? प्रसंग असा : न्यूयॉर्कच्या एका अवाढव्य विमा कंपनीतला कारकून बॅक्स्टर बढतीच्या आशेनं आपल्या घराची किल्ली साहेब लोकांना त्यांच्या भानगडींसाठी देत असतो. ऐन नाताळात लिफ्टवर काम करणारी फ्रॅन कुबेलिक त्याच घरात झोपेच्या गोळ्या घेते. शेजारचे डॉक्टर ड्रायफस तिला वाचवतात, सगळी चूक बॅक्स्टरचीच समजतात आणि त्याला सुनावतात : मेन्श हो! लगेच अर्थही सांगतात, की मेन्श म्हणजे माणूस. संवादातच भाषांतर आहे, त्यामुळे मराठीत ‘माणूस हो, म्हणजे माणूस हो’ अशी गत होते. ‘सज्जन’ चालेल का?

तळटीप :
‘सज्जन’ नको. बॅक्स्टर सज्जन आहेच. नम्र आहे, कुणाचं वाईट चिंतत नाही. त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, ही खरी अडचण. आपल्याकडे त्यासाठी नेमका शब्द आहे, भिडस्त. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण त्याला अर्धी लागू पडते. अर्धी अशासाठी, की भिडेत बढतीचा लोभही मिसळलेला आहे. अशा माणसाला ‘सज्जन हो’ सांगून डॉक्टरांच्या वाक्यातला दणका निघून जातो.

मूळ जर्मन ‘मेन्श’ म्हणजे नुसता मनुष्य. यिडिशमध्ये, म्हणजे युरोपातल्या ज्यूंच्या जर्मनसारख्या भाषेत, त्याला ‘ज्याच्यावर भरवसा ठेवावा असा, ताठ कण्याचा माणूस’ हा अर्थ चढला. न्यूयॉर्कच्या ज्यू डॉक्टरच्या तोंडी आहे तो यिडिश शब्द. व्युत्पत्ती बघण्यासारखी आहे. मेन्श हे जर्मन ‘मान’ (Mann) या शब्दापासून झालेलं विशेषण, पुढे नाम बनलं. आपला ‘माणूस’ संस्कृत ‘मानुष’वरून आला, आणि ‘मानुष’ हेही मूळचं ‘मनूचा’ अशा अर्थाचं विशेषणच. ‘मान’ आणि ‘मनु’ यांचं नातं भाषाशास्त्रज्ञ सहसा मान्य करतात.

म्हणून सुचवतो : पहिल्यांदा ‘मेन्श’ तसाच ठेवा. बॅक्स्टरलाही तो नीट माहीत नाही, डॉक्टर विचारतात तेव्हा तो ‘नक्की नाही’ म्हणतो. प्रेक्षकालाही क्षणभर अडखळू द्या.
– मेन्श हो! कळतं का म्हणजे काय?
– नक्की नाही.
– अरे, माणूस! माणूस हो!
ज्याच्यापायी फ्रॅननं गोळ्या घेतल्या त्या शेल्ड्रेकसाहेबाला शेवटाकडे बॅक्स्टर हाच शब्द अर्थासकट ऐकवतो. तिथेही हीच जोडी शब्दशः यायला हवी. एका ठिकाणी ‘माणूस’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘माणुसकी’ केलं, तर धागा तुटलाच.

अनुस्वार :
‘माणूस’ला मराठीत आणखी दोन अर्थ आहेत आणि दोन्ही या चित्रपटात बसतात. एक हजेरीपटावरचा : ‘किती माणसं कामाला आहेत?’ सुरुवातीच्या निवेदनात बॅक्स्टर सांगतो की मुख्य कार्यालयात ३१,२५९ जण काम करतात. तिथे ‘कर्मचारी’ऐवजी ‘माणसं’ घाला. दुसरा अर्थ ‘साहेबांचा माणूस’ मधला : मर्जीतला, सांगेल ते करणारा. बॅक्स्टर आधी नुसता आकडा, मग साहेबांचा माणूस आणि शेवटी माणूस. इंग्रजीला एका शब्दात हे जमत नाही, मराठीला जमतं.

तळटीप :
दुसरा अर्थ पटला. पहिल्याबद्दल शंका आहे. त्या निवेदनात बॅक्स्टर विमा कंपनीच्या भाषेत बोलतो. खातं, विभाग, टेबलाचा नंबर सगळं सांगतो. तिथे कोरडा ‘कर्मचारी’च शोभतो. शब्दाची पेरणी फार लवकर केली की ती दिसून येते.

वेलांटी :
‘कर्मचारी’ ठेवते. आता दुसरा पेच. साहेब लोक प्रत्येक शब्दाला ‘-वाईज’ जोडतात. त्यांच्यातला कर्कबी पत्राचा मजकूर सांगताना म्हणतो की प्रीमियम-वाईज आणि बिलिंग-वाईज आपण गेल्या वर्षीपेक्षा १८ टक्के पुढे आहोत, ऑक्टोबर-वाईज. ‘-निहाय’ वापरू?

अनुस्वार :
नको, अर्थच बदलेल. आपल्या कचेऱ्यांमधलं ‘तालुकावाईज’, ‘डेटवाईज’ वाटणीचं आहे : प्रत्येक तालुक्याचं वेगळं, प्रत्येक तारखेचं वेगळं. त्याला ‘-निहाय’ किंवा ‘-वार’ बरोबर. अमेरिकी साहेबांचं ‘-वाईज’ म्हणजे ‘त्या बाबतीत’. ‘प्रीमियमनिहाय १८ टक्के’ वाचून वाटेल, की दर प्रीमियममागे १८ टक्के.

‘-दृष्ट्या’ घ्या. व्याकरणात ते विशेषणाला बरं लागतं, आर्थिकदृष्ट्या, शारीरिकदृष्ट्या. सरळ नामाला, तेही इंग्रजी नामाला चिकटवलं की कानाला खटकतं, आणि इथे तेच हवं आहे. ‘प्रीमियमदृष्ट्या व बिलिंगदृष्ट्या आपण १८ टक्के पुढे आहोत, ऑक्टोबरदृष्ट्या.’ पुढे बॅक्स्टरलाही ही खोड लागते, म्हणून प्रत्यय सगळीकडे एकच ठेवा. ‘दॅट्स द वे इट क्रम्बल्स, कुकी-वाईज’ हे त्याचं वाक्य मात्र शब्दाला शब्द ठेवून होणार नाही. बिस्किटाचा चुरा होण्याचा नशिबाशी संबंध इंग्रजीत आहे, मराठीत नाही. ‘चालायचंच, नशीबदृष्ट्या’ एवढं पुरे. फ्रॅन आपल्याला मिळणार नाही हे गिळताना तो साहेबांचाच प्रत्यय वापरतो. ते दुःख कळायला प्रत्यय आधी दोन-तीनदा कानावर पडलेला हवा.

पूर्णविराम :
वॉशरूमच्या किल्लीवरही कोटी आहे. शेल्ड्रेक घराची किल्ली मागतो, बॅक्स्टर हातात ठेवतो ती अधिकाऱ्यांच्या वॉशरूमची. आता ही लागणार नाही, असं सांगून तो ‘वॉश्ड अप’ म्हणतो, म्हणजे इथलं आपलं संपलं. हिंदीत ‘हाथ धो बैठना’ तयार आहे. मराठीत त्याची नक्कल नको, आपल्याकडे ‘हात धुऊन मागे लागणे’ वेगळं आणि ‘हात धुऊन घेणे’ वेगळं. पण दुसरा वाक्प्रचार इथे मुळापेक्षाही धारदार होतो : ‘आता ही नको. इथलं हात धुऊन घेणं संपलं माझं.’ संधी साधून घेणं आणि वॉशरूम, दोन्ही आलं.

वेलांटी :
हे घेतेच. फ्रॅनचं ते वाक्य राहिलं, काही लोक ‘टेक’ करतात आणि काही ‘टुक’ होतात. मुद्दाम चुकीचं व्याकरण आहे.

पूर्णविराम :
‘लुटतात – लुटले जातात’ पुस्तकी होईल. लिफ्टवर काम करणाऱ्या मुलीच्या तोंडी ‘गंडवणे – गंडणे’ द्या. ‘काही जण गंडवतात, काही गंडतात. आपण गंडतोय हे त्यांना कळत असतं, पण इलाज नसतो.’ व्याकरणाची चूक मराठीत आणायला जाऊ नका, बोलीचा शब्दच ते काम करतो.

तळटीप :
एक अहो-जाहोचं बघा. बॅक्स्टर तिला शेवटपर्यंत ‘मिस कुबेलिक’च म्हणतो, प्रेमाची कबुली देतानाही. म्हणून दोघांत शेवटपर्यंत ‘तुम्ही’ ठेवा. पत्ते खेळायला बसताना फ्रॅनचं अखेरचं वाक्य ‘गप्प बसा आणि पानं वाटा.’ त्याआधी ‘अहो’ लावू नका, लग्न होऊन गेल्यासारखं वाटेल. साहेब लोक त्याला ‘बडी-बॉय’ म्हणतात, तिथे ‘राजा’ घ्या आणि ‘अरे-तुरे’ करा. ‘राजा, आज अर्धाच तास दे ना किल्ली’ या लाडीगोडीला नकार देणं किती अवघड असतं, हे मराठी कानाला बरोबर कळतं.