जुन्या फोनवर लिनिएज टाकणं: शहाणपण की नसती उठाठेव?

पेठेतला खटपट्या:
माझा फोन साडेपाच वर्षांचा. कंपनीने अपडेट द्यायचं कधीच बंद केलं. तपकीर गल्लीतून बॅटरी बदलून आणली, डिस्प्ले ठणठणीत. रविवारी बूटलोडर (फोन सुरू होताना सिस्टिम उचलणारा प्रोग्राम, कंपनी त्याला कुलूप घालते) अनलॉक करून लिनिएज ओएस चढवली, म्हणजे अँड्रॉइडच्या खुल्या कोडवर हौशी मंडळींनी बनवलेली सिस्टिम. आता फोन पहिल्यापेक्षा सुसाट, कंपनीने कोंबलेली जाहिरातबाज अ‍ॅप्स गायब. अँड्रॉइडच्या तळाशी असलेला लिनक्स कर्नल जीपीएल या खुल्या परवान्याखाली असल्यामुळे त्याचा सोर्स कोड कंपन्यांना द्यावाच लागतो, अँड्रॉइडचा गाभाही खुला आहे. मग धडधाकट वस्तू भंगारात का घालायची? ज्याला कमांड लाइनची, म्हणजे कॉम्प्युटरला टाइप करून हुकूम द्यायची, भीती नाही त्याने हे करावंच, असं माझं ठाम मत.

पौडफाटा:
हौसेला मोल नाही. मीही केलं होतं. बँकेचं अ‍ॅप उघडलं तर ‘हे उपकरण सुरक्षित नाही’. मंडईत कोथिंबिरीच्या दोन जुड्या घेतल्या, वीस रुपये. क्यूआर समोर, खिशात सुट्टे नाहीत आणि मागे रांग. मावशी म्हणाल्या, ‘राहू दे बाळा, उद्या दे.’ चाळिशीत बाळा ऐकून घेतलं. त्याच रात्री जुनी सिस्टिम परत टाकली.

पेठेतला खटपट्या:
हे पाप लिनिएजचं नाही हो. अ‍ॅप गूगलच्या प्ले इंटेग्रिटीला (फोन भरवशाचा आहे का ते तपासणारी सेवा) विचारतं, बूटलोडर उघडा दिसला की नापास. गंमत बघा, वर्षानुवर्षं सुरक्षेचा पॅच न मिळालेला पण कुलूपबंद फोन बहुतेक ठिकाणी पास होतो! ग्राफीनओएस या अशाच दुसऱ्या सिस्टिममध्ये बूटलोडर परत लॉक करता येतो, पण ती फक्त गूगलच्या पिक्सेल फोनवर चालते. आणि तिथेही काही अ‍ॅप्स नाक मुरडतातच, कारण गूगलचा शिक्का नाही.

फर्मवेअरवाला (हिंजवडी):
दोघांनाही थोडं टोचतो. लिनिएजचा मासिक पॅच अँड्रॉइडच्या खुल्या भागाला लागतो. मोडेमचं (नेटवर्क सांभाळणाऱ्या चिपचं) फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आतलं सॉफ्टवेअर, बंद असतं, कंपनीने जिथे सोडलं तिथेच राहतं. जीपीयू (ग्राफिक्सची चिप), कॅमेऱ्याचे ब्लॉब, म्हणजे सोर्स न दिलेल्या तयार फायली, त्याही तशाच. तेव्हा ‘सुरक्षित’ म्हणू नका, ‘आधीपेक्षा बरा’ म्हणा.
दुसरं, रॉम (अशी बाहेरची सिस्टिम) चढवली की आधी एक फोन लावून बघा. जिओवर 2जी-3जी नाहीच, व्हीओएलटीई (4जीवरून कॉल) चाललं नाही तर तुमच्या हातात उरतो छोटा टॅब्लेट. लिनिएजच्या साइटवर आपल्या मॉडेलच्या पानावर काय चालत नाही ते लिहिलेलं असतं, ते कुणी वाचत नाही.

जुना खोंड:
2014 साली दोन हजारांच्या आत फायरफॉक्स ओएसचा, म्हणजे फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाच्या सिस्टिमचा, फोन मिळायचा. मी घेतला होता. अधिकृत व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं, त्यामुळे नातेवाईकांनी वाळीत टाकल्यासारखं झालं. पुढे मोझिलाने फोनचा नाद सोडला, पण त्याच कोडवरून कायओएस ही साध्या बटणांच्या फोनची सिस्टिम निघाली आणि जिओफोनमधून घराघरात गेली. वापरणाऱ्याला पत्ताही नाही.

पौडफाटा:
खटपट्या, सरळ सांगा. आईच्या फोनवर टाकाल?

पेठेतला खटपट्या:
आईच्या? नाही. तिची पेन्शन, गॅसचं बुकिंग, भिशीचे पैसे, सगळं त्या एका फोनवर. रविवारी बिघडला तर सोमवारी मी ऑफिसात आणि ती दुकानांच्या पायऱ्या झिजवणार. तिला मागच्याच महिन्यात नवा घेऊन दिला.
तिचा जुना माझ्याकडे आहे. त्यावर या शनिवारी.