मॅन्युअल पंपाने काढलेले आईचे दूध उन्हाळ्यात सुरक्षित कसे ठेवावे?

प्रश्न : यवतमाळची शिक्षिका

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शिकवते. माझी १८० दिवसांची प्रसूती रजा तब्येतीमुळे प्रसूतीच्या तीन आठवडे आधीच सुरू करावी लागली. त्यामुळे मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी रुजू होईन, तेव्हा मुलगी जेमतेम सव्वापाच महिन्यांची असेल. आजवर ती फक्त अंगावरच पिते. पाणी किंवा वरचे दूध तिला कधीही दिलेले नाही आणि सहा महिने पूर्ण होईपर्यंत हे असेच चालावे, अशी माझी फार इच्छा आहे. सकाळी साडेनऊला मला घर सोडावे लागते आणि एसटीने परत यायला सहा वाजतात, म्हणजे साडेआठ तास ती सासूबाईंजवळ राहील.

मी हाताने दाबायचा पंप आणला आहे. दोनदा वापरून पाहिला. पंधरा मिनिटांत २० मिलिलिटरसुद्धा दूध निघाले नाही आणि शिवाय दुखले. घरी एका दाराचा फ्रीज आहे, वीज अधूनमधून जाते आणि शाळेत फ्रीज नाही. फ्रीजमध्ये दूध चार दिवस राहते, असे बहिणीने सांगितले, तर प्रसूती झाली त्या दवाखान्यात चोवीस तास सांगितले होते. यातले काय धरायचे? सासूबाई मनापासून मदत करणार आहेत, परंतु काढून ठेवलेले दूध शिळे होत नाही का आणि ते देण्याआधी उकळायला नको का, असे त्या विचारतात. मला त्यांना नीट उत्तर देता आले नाही. कृपया अनुभवी ताईंनी सविस्तर सांगावे.

प्रतिसाद : कोल्हापूरहून एक आई

ताई, मी बँकेत आहे आणि माझ्या मुलासाठी आठ महिने मॅन्युअल पंपच वापरला, म्हणून पंपापुरते सांगते. दूध काढताना दुखता कामा नये. दुखत असेल तर बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण असते : पंपाचा पसरट शंकू आपल्या मापाचा नसतो, किंवा भराभर दूध यावे म्हणून आपण दांडा फार जोराने दाबत असतो. शंकूचे माप स्तनाच्या आकारावर नव्हे, तर बोंडीच्या जाडीवर ठरते. दांडा दाबला की बोंडी नळीच्या मधोमध, कडांना न घासता पुढेमागे सरकली पाहिजे. ती कडेला घासून लाल होत असेल तर शंकू लहान पडतो आणि भोवतालचा काळसर भागही बराचसा आत ओढला जात असेल तर तो मोठा आहे. बऱ्याच पंपांबरोबर एकच शंकू येतो, पण २१, २४, २७ मिलिमीटर अशी वेगवेगळी मापे सुटी मिळतात. माझे सगळे दुखणे शंकू बदलल्यावर दोन दिवसांत थांबले होते.

दुसरी गोष्ट पान्ह्याची. बाळ अंगावर घेतल्यावर पहिले मिनिट-दीड मिनिट कसे चोखते ते पाहा : घाईघाईने आणि उथळ. पान्हा फुटला की तेच बाळ सावकाश, खोल घोट घेऊ लागते. पंपही तसाच चालवावा. आधी हलके आणि भरभर दाबावे. दुधाचे थेंब पडू लागले, की दांडा सावकाश पूर्ण दाबून क्षणभर धरावा आणि मग सोडावा. दूध मंदावले की दुसऱ्या बाजूला जावे आणि पुन्हा पहिल्या बाजूकडे यावे. असे दोन-तीन फेरे केल्यास एकूण वीस ते तीस मिनिटे लागतात. सुरू करण्यापूर्वी कोमट पाण्यात पिळलेल्या कापडाने शेक द्यावा आणि बोटांनी कडेकडून बोंडीकडे हलके चोळावे. शाळेत बाळ जवळ नसेल तेव्हा तिचे दुपटे सोबत ठेवा. त्या वासाने मला खरोखर फरक पडत असे. शेवटी पंप बाजूला ठेवून अंगठा आणि बोटे काळसर भागाच्या कडेवर ठेवावीत, आधी छातीच्या दिशेने आणि मग एकमेकांकडे दाबावीत. थोडे घट्ट दूध आणखी निघते.

आता २० मिलिलिटरबद्दल. बाळ नुकतेच पोटभर प्यायलेले असताना तुम्ही पंप लावला असेल, तर एवढे निघणे अगदी स्वाभाविक आहे आणि त्यावरून दूध कमी आहे असा निष्कर्ष काढू नका. पहाटे साधारण दूध अधिक असते. तेव्हा बाळ एका बाजूला पीत असतानाच दुसऱ्या बाजूला पंप लावून पाहा, पान्हा बाळच आणून देते. रुजू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून रोज एकदा हा सराव ठेवा. मुख्याध्यापकांशी मात्र आत्ताच बोला. आतून कडी लागणारी एक स्वच्छ खोली, खुर्ची आणि हात धुण्याची सोय एवढेच हवे आहे. स्वच्छतागृहात उभे राहून दूध काढायची वेळ कोणत्याही आईवर येऊ नये.

जुन्या पद्धतीचा, रबरी फुगा दाबायचा पंप कोणी देऊ केला तर तो घेऊ नका. त्याच्या फुग्यात दूध शिरते, आतून तो धुता येत नाही आणि किती ओढ बसते यावर आपला ताबाही राहत नाही.

प्रतिसाद : नवजात कक्षातील परिचारिका

चोवीस तास आणि चार दिवस हे दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण ते वेगवेगळ्या फ्रीजचे आहेत. ज्या फ्रीजचे तापमान सतत ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी राहते, त्यात ताजे काढलेले दूध चार दिवसांपर्यंत ठेवता येते. ज्या घरात वीज जाते आणि फ्रीजचे दार दिवसातून पन्नास वेळा उघडते, तिथे आम्ही चोवीस तासच सांगतो. तुम्ही चोवीस तासच धरा. तुमच्यासाठी ते सोयीचेही आहे, कारण आज शाळेत काढलेले दूध उद्या बाळाने प्यायचे, एवढाच क्रम बसवायचा आहे. महिनोन्‌महिन्यांचा साठा करण्याची तुम्हाला गरज नाही. उणे १८ अंशांच्या स्वतंत्र फ्रीजरमध्ये दूध सहा महिने चांगले राहते, परंतु एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा तेवढा थंड नसतो. त्यात अडीनडीसाठी एक-दोन बाटल्या ठेवल्या तरी त्या दोन आठवड्यांच्या आत वापरून टाकाव्यात. वीज गेल्यावर दार उघडू नका. बंद फ्रीज साधारण चार तास थंडावा धरून ठेवतो.

तुमच्याकडच्या उन्हाळ्याबद्दल मी अधिक आग्रहाने सांगेन. काढलेले दूध बाहेर चार तास चालते, हे आपण सगळीकडे वाचतो, पण तो नियम २५ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी आहे. यवतमाळात मार्च-एप्रिलमध्ये वर्गखोलीचे तापमान त्याच्या कितीतरी वर असते. तिथे चार तासांवर विसंबू नका. दूध काढले की त्याच मिनिटाला बाटली थंड पिशवीत गेली पाहिजे. अशा जाड अस्तराच्या पिशव्या आणि त्यांत ठेवायच्या जेलच्या पट्ट्या औषधांच्या दुकानांत किंवा ऑनलाइन मिळतात. पट्ट्या रात्रभर बर्फाच्या कप्प्यात गोठवून सकाळी घ्या, बाटल्या त्यांना चिकटून राहतील अशा ठेवा आणि पिशवी विनाकारण उघडू नका. पट्ट्या गोठलेल्या राहिल्या तर अशा पिशवीत दूध चोवीस तासांपर्यंत सुरक्षित असते. तुम्हाला सहा-सात तासच काढायचे आहेत. बसमध्ये पिशवी खिडकीजवळच्या उन्हात ठेवू नका. घरी आल्यावर चहासुद्धा नंतर. आधी बाटल्या फ्रीजमध्ये. ओल्या कापडात गुंडाळून माठाजवळ ठेवण्याची जुनी युक्ती कोणी सुचवेल. कोरड्या हवेत तिथे गारवा असतो हे खरे, तरी तो फ्रीजचा थंडावा नव्हे आणि दुधासाठी तेवढा पुरेसा नाही.

दूध घट्ट झाकणाच्या काचेच्या किंवा खाद्यपदार्थांसाठीच्या जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत, अथवा याच कामासाठी मिळणाऱ्या पिशव्यांत ठेवावे. साध्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चालत नाहीत. एका बाटलीत ६० ते १२० मिलिलिटरच भरा, म्हणजे उरलेले टाकून देण्याची वेळ येत नाही. गोठवायचे असेल तर वर बोटभर जागा सोडा, कारण गोठताना दूध फुगते. बाटलीवर दिवस आणि वेळ लिहा. ती फ्रीजच्या दारात न ठेवता आतल्या बाजूला मागे ठेवा. दुपारी काढलेले कोमट दूध सकाळच्या गार दुधात थेट ओतू नका. आधी तेही गार होऊ द्या आणि मग एकत्र करा. एकत्र केलेल्या बाटलीवर पहिल्या दुधाची वेळ लिहावी.

स्वच्छतेची सुरुवात हातांपासून होते : साबणाने वीस सेकंद. प्रत्येक वापरानंतर दुधाचा स्पर्श झालेले पंपाचे सर्व भाग सुटे करावेत, वाहत्या पाण्याखाली धरावेत आणि मग साबण व गरम पाण्याने, याच कामासाठी ठेवलेल्या पातेल्यात आणि वेगळ्या ब्रशने धुवावेत. भांडी घासण्याच्या सिंकमध्ये ते ठेवू नयेत. पुसायला ओट्यावरचे फडके वापरू नये; स्वच्छ कापडावर पालथे घालून आपोआप वाळू द्यावेत. दिवसातून एकदा पाच मिनिटे उकळावेत. मात्र कोणते भाग उकळता येतात ते पंपाच्या माहितीपत्रकात आधी पाहावे. लहानशी रबरी झडप सगळ्यांत महत्त्वाची आहे, कारण तिच्या फटीत दूध साचते आणि ती चिरली की पंपाची ओढही कमी होते. शाळेत धुण्याची खात्री नसेल तर झाकणाच्या डब्यातून धुतलेल्या भागांचे दोन संच न्या.

प्रतिसाद : डोंबिवलीची आजी

सासूबाईंच्या शंकेला उत्तर द्यावेसे वाटले, कारण नातू झाला तेव्हा माझ्याही मनात हेच होते. आपण गाईम्हशीचे दूध घरात आले की आधी तापवतो, कारण ते अनेक जनावरांचे, अनेक हातांतून आलेले असते. आईचे दूध तसे नव्हे. ते उकळले की बाळाला रोगांपासून जपणारे त्यातले घटक नष्ट होतात, आणि तेवढ्यासाठीच तर आपण ते वाचवतो आहोत. म्हणून गॅसवर नाही आणि मायक्रोवेव्हमध्येही नाही. मायक्रोवेव्हमध्ये दूध कुठे गार तर कुठे चटका बसेल इतके गरम होते. बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात काही मिनिटे धरावी आणि मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून पाहावा.

फ्रीजमधल्या दुधावर साय वर येते आणि खाली निळसर पाण्यासारखा थर दिसतो. पहिल्यांदा पाहून मी ते नासले समजून ओतून दिले होते आणि सुनेने किती कष्टाने काढले होते ते आठवून मला आजही वाईट वाटते. ते नासलेले नसते. बाटली हलकेच गोल फिरवली की एकजीव होते. गोठवलेले दूध रात्रीच खालच्या कप्प्यात उतरवून ठेवावे, पूर्ण वितळल्यावर चोवीस तासांत वापरावे आणि ते पुन्हा गोठवू नये. बाळाचे तोंड लागलेले दूध दोन तासांनंतर टाकून द्यावे, मग ते कितीही असो.

पाजण्यासाठी वाटी-चमचा घ्यावा. आमच्या वेळी बोंडले होते, पण त्याच्या तोटीत दूध अडकते आणि ती नीट घासता येत नाही. बाळाला बसते धरावे, चमचा खालच्या ओठाला टेकवावा आणि तिने स्वतः ओढून घ्यावे. घशात ओतू नये. आईने जवळ असताना दिले तर बाळ चमचा घेत नाही, त्याला आईच हवी असते. म्हणून सराव सासूबाईंनी करावा आणि आईने त्या वेळी दुसऱ्या खोलीत जावे.

प्रतिसाद : यवतमाळची शिक्षिका

तुम्हा तिघींचे मनापासून आभार. शंकू पाहिला, तो खरोखरच मोठा होता. आजीबाईंचा प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवला आणि आज त्यांनी चमच्याने ३० मिलिलिटर पाजले. दोन शंका उरल्या आहेत. साडेआठ तासांसाठी किती दूध ठेवावे? आणि शनिवारी काढलेले दूध सोमवारपर्यंत चोवीस तासांच्या नियमात बसत नाही, त्याचे काय करावे?

प्रतिसाद : नवजात कक्षातील परिचारिका

या वयात दर तासाला साधारण ३० ते ४० मिलिलिटर धरावे, म्हणजे तुम्हाला २५० ते ३४० मिलिलिटर लागेल. निघण्याआधी आणि आल्याबरोबर अंगावर पाजले तर खालचा आकडाही पुरेल. शाळेत दोनदा तरी दूध काढा. छाती दाटलेली ठेवली तर काही दिवसांत दूध कमी होते आणि गाठही धरते. एखादा भाग लाल, गरम आणि दुखरा झाला व ताप आला तर पंपाने जोर लावत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बाळाला पाजणे मात्र थांबवू नका.

शनिवारचे दूध घरी आल्यावर लगेच लहान बाटल्यांत बर्फाच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे तोच तुमचा अडीनडीचा साठा होईल. रविवारी सकाळी साडेनऊनंतर एकदा, संध्याकाळी एकदा आणि सोमवारी पहाटे एकदा काढा. सोमवारी आधी रविवार सकाळची बाटली, मग संध्याकाळची, शेवटी पहाटेची असा क्रम सासूबाईंना लिहून फ्रीजच्या दारावर लावा. रविवार सकाळची बाटली मात्र तुम्ही निघण्यापूर्वी स्वतः पाहा. तिची वेळ उलटत असेल तर ती बाजूला काढून गोठवलेल्या साठ्यातली एक बाटली रविवारी रात्रीच खाली उतरवून ठेवलेली असावी.