परसात कोंबड्या आणि भाजीचा मांडव एकत्र नांदतात का?

पातेरा (गुहागर)
कोंबड्या पाळायच्या तर भाजी विसरा, असं वाडीवाडीत ऐकू येतं. मला ते मुळीच पटत नाही. एक गुंठा परस, पाच गावठी तलंगा (अंड्यावर येणाऱ्या तरुण कोंबड्या), एक कोंबडा आणि सहा फूट उंच मांडव ही जोडी एकमेकांना धरून चालते. कारण फळमाशी. पडवळ, कारलं, काकडी कोवळी असतानाच ती सालीत अंडी घालते. फळ वाकडं होऊन सडतं, आतली अळी मातीत शिरते आणि तिथे कोष करते. क्यू ल्युरच्या (नर माशीला ओढणाऱ्या गंधाच्या) सापळ्यात अडकतात ते फक्त नर. मातीतले कोष उकरून खाणारी कोंबडीच.
आणि सकाळी खुराडं उघडल्यावर हाताला लागणारं ऊन अंडं, मांडवावरून उतरवून तासाभरात फोडणीत पडलेलं पडवळ, हे सुख पैसे मोजून मिळत नाही. परस आहे त्याने ते सोडू नये.

हिशोबी (कुडाळ)
सुखाबद्दल वाद नाही, पण आकडे मांडा. कोंडून ठेवलेला पक्षी रोज साधारण 100 ग्रॅम खातो. सहा पक्ष्यांचे महिन्याला 18 किलो, वर्षाला 216. गावठी कोंबडी वर्षाला 60–70 अंडी देते, म्हणजे पाच जणींची फार तर 350. एका अंड्यामागे सहाशे ग्रॅमच्या वर खाद्य! अंडीच हवीत तर ग्रामप्रियासारखी सुधारित जात घ्या. ती याच्या दुपटीहून जास्त देते.
त्यात जून ते सप्टेंबर खुराड्यात अंथरलेलं तूस (भाताची टरफलं) भिजतं आणि पिल्लांना रक्ती हगवण लागते. पंख पाडून, डोळे मिटून बसलेलं पिल्लू दोन दिवसांत जातं. हे पाहवत नाही, म्हणूनच सांगतोय की पावसाळ्याची तयारी नसेल तर पाळू नका.

जांभाकातळ (राजापूर)
हिशोबी, तुम्ही कोंडलेल्या कोंबडीचा हिशोब मोकळ्या कोंबडीला लावलात. परसात फिरणारी कोंबडी वाळवी, किडे, गवताचं बी, सांडलेलं भात यांवर निम्मं पोट भरते. संध्याकाळी मूठभर कणी आणि कोंडा पुरतो. गावठीचं उत्पन्न निव्वळ अंड्यांत मोजू नये. ती खुडूक होते, 10–12 अंडी घेऊन 21 दिवस बसते आणि पिल्लं स्वतः हिंडवते. सुधारित जाती सहसा खुडूक बसतच नाहीत, पिल्लं दरवेळी विकत आणावी लागतात. फक्त आषाढ-श्रावणात अंड्यांवर बसवू नका. दिवाळीनंतर माघापर्यंत बसवा.
रक्ती हगवण ओलाव्याने पसरते, तेव्हा बांधणीच तशी हवी. जांभ्याच्या चिऱ्यांचा दोन फूट चौथरा, वर पोफळीच्या रिपा बोटभर फटीने. पिल्लांच्या कोपऱ्यात मात्र रिपा नकोत, तीन इंच कोरडं तूस. दर दोन दिवसांनी ते परतायचं, भिजून गोळे झालेलं काढून टाकायचं. पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून दार पूर्वेला आणि मागे झावळ्यांचा झाप. नाकाला झोंबणारा वास आला की समजा, हवा खेळत नाही.
जाळी अर्ध्या इंचाची वेल्डेड. षटकोनी कोंबडीजाळी कोंबडीला अडवते, मुंगसाला नाही.

आळं (चिपळूण)
मला भाजीच्या बाजूने बोलायचंय, कारण इथे कोणी तिची बाजू घेत नाही. आळ्यात बी टाकलं की तिसऱ्या दिवशी कोंबडी ते उकरते. लाल माठाचा वाफा ती अर्ध्या तासात साफ करते. पाच फुटी कुंपण गावठी कोंबडी सहज ओलांडते. एका पंखाची लांब पिसं कापली तर ती उडत नाही, पण मग मुंगूस आल्यावर झाडावरही चढता येत नाही.
आणि ताजी विष्ठा थेट बुंध्याशी घालणारे किती तरी आहेत. वेल पिवळा पडून जळतो. माठ-मुळ्यासारख्या भाजीवर ती घातली तर जंतू थेट ताटात येतात. माकडांशी झगडून जेमतेम भाजी राखायची, त्यात हा दुसरा उपद्रव कशाला?

पातेरा (गुहागर)
आळं, माठाच्या वाफ्याबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पालेभाजी वेगळ्या कुंपणात, तिथे कोंबडी कधीच नको. मी बोलतोय ते मांडवाबद्दल. जूनमध्ये बी टाकलं की वेल चढेपर्यंत पाच-सहा आठवडे मांडवाला जाळी. ऑगस्टपासून कोंबड्या आत सोडायच्या, त्याही दुपारी चारनंतर दोनच तास. बुंध्याभोवती जांभ्याचे तुकडे दाबून बसवा, मुळं उकरली जात नाहीत. बी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं घ्या: दोडक्याला कोकण हरिता, पडवळाला कोकण श्वेता, कारल्याला कोकण तारा.
खताला विष्ठा एक पाटी, पातेरा (वाळका पालापाचोळा) तीन पाट्या, दर पंधरा दिवसांनी परतायचं, तीन महिन्यांनी आळ्याला अर्धी पाटी. आपली जांभ्याची माती आम्ल, तिच्यातलं लोह स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतं. कुजलेल्या कोंबडखताने वेलाला जो जोम येतो तो डोळ्यांना दिसतो.

हिशोबी (कुडाळ)
मोकळ्या कोंबडीच्या खाद्याबद्दल माझा आकडा चुकला, मान्य. पण मानमोडीचं (राणीखेत रोगाचं) कोणीच बोललं नाही. तिला औषध नाही, लसच. पिल्लाला सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आठव्या ते दहाव्या आठवड्यात आर-टू-बी ही दुसरी लस पंखाखाली टोचून. कुपी शंभर मात्रांची असते, बर्फात आणावी लागते आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. सहा पक्ष्यांसाठी कोण फोडणार?

जांभाकातळ (राजापूर)
एकट्याने फोडायचीच नाही. वाडीतल्या दहा-बारा घरांनी एकच सकाळ ठरवायची, आदल्या रात्री सगळ्यांनी कोंबड्या कोंडून ठेवायच्या, आणि एकाने थर्मासात बर्फ घालून पशुवैद्यकीय दवाखान्यातून कुपी आणायची. उजाडता सुरू केलं तर उन्हं तापायच्या आत शंभर पक्षी होतात.