चिकटलेला बॉल, मार्कर आणि माझे गेलेले टेबलाचे पैसे

खडूचा ठोकळा
पूलमध्ये पांढरा बॉल (क्यूने, म्हणजे काठीने, मारायचा तो) दुसऱ्या बॉलला चिकटला तर काय, यावर काल इथे एका सद्गृहस्थांनी लिहिलंय, "पांढरा चिकटलेला असताना सरळ त्याच बॉलवर मारणं फाउल, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पार्लरमधली नवशिकी पोरं उगाच वाद घालतात." त्या नवशिक्या पोरांपैकी एक मी. वय 43.

शनिवारी एट-बॉलची शेवटची फ्रेम. पांढरा माझ्या सातला चिकटून. समोरच्याला विचारलं, "चिकटलाय ना?" तो वाकून बघून "हो" म्हणाला. मी सरळ मारला, सात आत. लगेच हा ओरडला, "पुश!" म्हणजे मारला नाही, ढकलला, फाउल. मार्करला बोलावलं. तो बिचारा जन्मभर स्नूकरची टेबलं लावत आलेला. म्हणाला, "टचिंग बॉल है साब, दूर खेलना था." झालं! बॉल इन हँड, म्हणजे पांढरा उचलून हवा तिथे ठेवायचा. त्याने उरलेले तीन काढले, वर आठ. लूजर पे. दोन तासांचे पैसे माझ्या खिशातून.

टचिंग बॉलपासून दूर खेळायचं, तो हलला तर पुश, हा स्नूकरचा नियम आहे हो! पूलच्या जागतिक नियमांत चिकटलेला बॉल आपला असेल तर त्याच्याच दिशेने खुशाल मारा, फक्त स्ट्रोक साधा हवा, ढकलाढकली नको. भानगड होते ती बॉल चिकटलेला नसून बोटभर लांब असतो तेव्हा, कारण क्यू पांढऱ्याला दुसऱ्यांदा लागतो. म्हणून तर आधी विचारून घ्यायचं.

तिरका क्यू
नियम बरोबर आहे, पण तुमचीच अडचण करतो. रेफरी नसेल तर जो मारत नाही तो रेफरी, हेही त्याच नियमांत आहे. म्हणजे समोरचाच तुमचा रेफरी होता आणि त्याने फाउल दिला. मार्करला कशाला मध्ये ओढलं?

खडूचा ठोकळा
त्याच रेफरीने आधी "हो, चिकटलाय" म्हटलं होतं. ते सोयीस्कर विसरलात.

बाजीराव रोड
जागतिक नियम घरी ठेवा. ज्याचं पार्लर त्याचा नियम. आमच्याकडे ब्रेकला, म्हणजे पहिल्याच फटक्याला, आठ गेला की फ्रेम जिंकली, आठवर खेळताना पांढरा गेला की फ्रेम हरली. वीस वर्षं चाललंय, कुणाचं डोकं फुटलेलं नाही.

तिरका क्यू
दोन्ही चूक. ब्रेकला आठ गेला तर तो परत स्पॉटवर ठेवायचा किंवा पुन्हा ब्रेक. आणि आठ टेबलावर असताना पांढरा गेला तर नुसता फाउल. दोन्ही गेले तरच फ्रेम गेली. वीस वर्षं चुकीचं खेळलात, अभिनंदन.

बाजीराव रोड
अभिनंदन स्वीकारतो. विल्सन जोन्स पुण्यात जन्मले, पूलचे जागतिक नियम नव्हेत.

तिरका क्यू
जोन्स बिलियर्ड्सचे विश्वविजेते. 1958 आणि 1964. पूलचा काय संबंध?

लेस्टरचा लेले
आमच्याकडे पबमध्ये लाल-पिवळे बॉल, छोटं टेबल आणि फाउल झाला की दोन शॉट. पुण्याला आलो की भाचा पांढरा उचलून हवा तिथे ठेवतो. पहिल्यांदा मी त्याचा हातच धरला होता.

गिरगावची गॅलरी
रेफरी, रेफरी काय लावलंय? आमच्या चाळीत गणपतीतली कॅरमची फायनल. समोरच्याचे 22, माझे 19. बोर्ड त्याने जिंकला, क्वीनही त्याचीच, माझी एक सोंगटी उरलेली. म्हणजे त्याचे 23. पंच म्हणाले 26, गेम खलास. 22 झाले की क्वीनचे 3 मिळत नाहीत, हे मी बोर्डावर हात आपटून सांगितलं. पंच कोण? त्याचा सख्खा मामा. ढाल अजून त्यांच्या शोकेसमध्ये आहे.

कव्हर दे रे
हात आपटलात म्हणजे सोंगट्या हलल्या. तोच फाउल 😀

गिरगावची गॅलरी
बोर्ड संपला होता! वाचत जा आधी.

डोंबिवली फास्ट
कॅरमचं निघालंच आहे तर, अंगठ्याने मारणाऱ्यांना पहिले बाहेर काढा. तो खेळ नाही, गोट्या आहेत.

कव्हर दे रे
आंतरराष्ट्रीय नियमांत अंगठा चालतो.

डोंबिवली फास्ट
चालू दे. आमच्या वडिलांनी एका पाहुण्याला अंगठ्यावरून बोर्डावरून उठवलं होतं. पाहुणा माझ्या आत्याला बघायला आला होता.

गिरगावची गॅलरी
मग? जमलं का लग्न?

डोंबिवली फास्ट
जमलं. काका आजही अंगठ्यानेच मारतात आणि जिंकतात. म्हणूनच राग आहे.

खडूचा ठोकळा
माझा धागा होता हा. पूलचा.

कव्हर दे रे
तुम्ही दोन तासांच्या पैशांवरून रडताय, इथे लोकांची ढाल गेली आहे.

काळा आठ
ज्यांच्या पोस्टवरून हे पेटलंय तो मीच. आणि शनिवारी समोर मीच होतो, हे ठोकळेसाहेबांनी का लपवलं ते कळेना. रात्री नियम काढून वाचले. चिकटलेल्या बॉलवर मारता येतं. ठीक आहे. पण तुम्ही साधा स्ट्रोक मारला नाहीत, क्यू लांबवर नेलात. माझ्या मते ढकललंच.

खडूचा ठोकळा
"माझ्या मते"! काल शेंबड्या पोराचं मत होतं, आज तुमचं. प्रगती आहे.

काळा आठ
शेंबडं पोर मागे घेतो. फ्रेम घेणार नाही.

तिरका क्यू
मग टेबलाचे पैसे तरी अर्धे करा.

काळा आठ
अर्धे देतो. पण त्याने मागवलेल्या दोन कोल्ड कॉफी त्यात धरायच्या नाहीत.

खडूचा ठोकळा
एक तुम्ही प्यायलात.

बाजीराव रोड
पार्लर कुठलं ते सांगा. टेबल ताशी काय घेतात?