बास्तोन्यच्या वेढ्यातल्या दोन परिचारिका

दुसऱ्या महायुद्धात बास्तोन्यला वेढा घालून जर्मनांनी शरण यायला सांगितलं, तेव्हा अमेरिकन जनरल मॅकॉलिफने दिलेल्या 'नट्स' (म्हणजे 'छट्, मुळीच नाही') या एका शब्दाच्या उत्तराबद्दल तुम्ही छान लिहिलंत. त्यात थोडी भर घालते. डिसेंबर १९४४ मध्ये जर्मनांना बेल्जियममधलं हे छोटं गाव हवं होतं ते तिथे एकत्र येणाऱ्या सात रस्त्यांसाठी. वेढ्यात डॉक्टर, औषधं, सगळ्याचीच टंचाई. तेव्हा रने लमेर आणि आफ्रिकेत, आजच्या बुरुंडीत जन्मलेली ऑगस्टा चिवी या दोघी परिचारिका जखमी सैनिकांच्या मदतीला धावल्या. ऑगस्टा तर नाताळसाठी वडिलांकडे आली होती! २४ डिसेंबरच्या रात्री उपचारकेंद्रावर बॉम्ब पडला. रने गेली, तिच्याबरोबर कितीतरी जखमीही. ऑगस्टा वाचली, पण तिचा जाहीर गौरव व्हायला २०११ उजाडलं. मला याचं फार वाईट वाटतं.