वजिराऐवजी हत्ती किंवा घोडा: प्याद्याच्या अनपेक्षित बढतीचे अंत्यखेळ सुचवावेत

गोदातीर:
नमस्कार. गंगापूर रोडवरील आमच्या सोसायटीत दर रविवारी सकाळी दहा-बारा वर्षांची काही मुले बुद्धिबळासाठी जमतात. विदित गुजराथी आपल्या नाशिकचे असल्यामुळे ग्रँडमास्टर ही या मुलांना फार दूरची गोष्ट वाटत नाही. गेल्या महिन्यात त्यांतील एका मुलीने स्पर्धेतला जिंकलेला डाव हातचा घालवला. तिचा पांढरा राजा एफ ६ वर, प्यादे एफ ७ वर आणि समोरचा एकटा राजा एच ७ वर होता. प्यादे शेवटच्या रांगेत पोहोचताच तिने बढती म्हणून सवयीने वजीर घेतला आणि शह नसतानाही समोरच्या राजाला जायला एकही घर उरले नाही, म्हणजे स्टेलमेट, डाव बरोबरीत. हत्ती घेतला असता, तर त्या राजाला एच ६ वर जावेच लागले असते आणि पुढच्याच खेळीला एच ८ वर हत्तीने मात झाली असती.

तेव्हापासून मुले विचारतात की मोठे खेळाडूही असे करतात का. ग्रँडमास्टरांशी संबंध असलेले असे अंत्यखेळ कृपया सुचवावेत. ओपनिंगमधले, म्हणजे डावाच्या सुरुवातीचे, सापळे नकोत. त्यांतला घोड्याच्या बढतीचा लास्करचा सापळा त्यांना पाठ आहे.

जुना पट:
सावेद्राच्या स्थितीपासूनच सुरुवात करावी, कारण पटावर चारच मोहरे असतात आणि तिच्यामागची कथाही मुलांना आवडेल. १८७५ मध्ये लंडनला फेंटन आणि पॉटर यांच्यातील एक डाव बरोबरीत सुटला. वीस वर्षांनी, १८९५ मध्ये, बार्बिए यांनी ग्लासगोच्या एका साप्ताहिकातील आपल्या बुद्धिबळाच्या सदरात त्या डावावर आधारित, पण आठवणीत थोडी बदललेली स्थिती छापली आणि काळा बरोबरी साधतो असे दाखवले. फर्नांडो सावेद्रा या स्पॅनिश धर्मगुरूंनी ते उत्तर खोडून काढले. बुद्धिबळाच्या जगात त्यांचे नाव राहिले ते या एका खेळीमुळे.

मांडणी अशी: पांढरा राजा बी ६, प्यादे सी ६, काळा राजा ए १, हत्ती डी ५, खेळी पांढऱ्याची. प्यादे सी ७ वर जाते, काळा हत्ती डी स्तंभावरून शहामागून शह देत राहतो आणि पांढरा राजा बी ५, बी ४, बी ३ असा उतरत सी २ वर पोहोचतो. मग काळा हत्ती डी ४ वर येऊन शेवटचा सापळा लावतो. आता वजीर घेतला, तर सी ४ वरून हत्तीचा शह येतो आणि तो हत्ती मारताच स्टेलमेट होते. म्हणून हत्ती घ्यायचा! ए ८ वर मात होण्याची धमकी टाळण्यासाठी काळा हत्ती ए ४ वर जातो, पांढरा राजा बी ३ वर येतो आणि हत्ती मारणे व सी १ वर मात करणे या दोन्ही धमक्या एकाच वेळी उभ्या राहतात. आपल्या विद्यार्थिनीची चूक आणि ही स्थिती सख्ख्या बहिणी आहेत.

उंटाची तिरकी चाल:
ब्रुसेल्समधील १९८७ च्या स्पर्धेच्या वेळी इंग्लिश ग्रँडमास्टर जेम्स प्लॅस्केट यांनी तेथील ग्रँडमास्टरांसमोर व्हॅन ब्रॉइकेलन यांची रचना, म्हणजे कोडे म्हणून रचलेली स्थिती, ठेवली होती. ती फक्त माजी विश्वविजेते मिखाइल ताल यांना सुटली, तीही बागेत फेरी मारून आल्यावर. तिच्यात काळा दोनदा बढती घेतो आणि दोन्ही वेळा घोडाच घेतो, कारण वजीर घेतला तर मात टळत नाही. दहा वर्षांच्या मुलांना ती संपूर्ण सोडवायला देऊ नये, पण पटावर चालवून अवश्य दाखवावी.

पंचवटीचा प्यादा:
वरील दोन्ही उदाहरणे सुंदर असली, तरी त्या रचना आहेत. स्पर्धेत मुलांना याहून अधिक उपयोगी पडेल ते हत्तीविरुद्ध एकटे प्यादे. पांढरा राजा सी ३, हत्ती एच २, काळा राजा सी १, प्यादे बी २, खेळी काळ्याची. वजीर घेतला, तर एच १ वर हत्ती येऊन मात होते. घोडा घेतला, तर मात्र त्याच खेळीत राजाला शह बसतो, मात होण्याची धमकी तेवढ्यापुरती थांबते आणि पुढे घोडा आपल्या राजाजवळ राखला तर डाव बरोबरीत सुटतो. ही स्थिती दोघांना समोरासमोर बसवून दोन्ही बाजूंनी खेळवून घ्यावी. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर अशा बढतीची कोडी स्वतंत्र विषय म्हणून विनामूल्य मिळतात आणि ती प्रत्यक्ष खेळलेल्या डावांतून घेतलेली असतात.

घड्याळजी:
नियमही त्याच दिवशी सांगून टाकावा. २०१७ च्या कॅनडा अजिंक्यपद स्पर्धेच्या निर्णायक ब्लिट्झ (अतिजलद) डावात निकोलाय नोरित्सिन यांना बढतीच्या क्षणी वजीर टेबलावर दिसला नाही, म्हणून त्यांनी हत्ती उलटा ठेवून तोच वजीर मानला. पंचांनी तो हत्तीच ठरवला. डाव आणि विजेतेपद ग्रँडमास्टर बातोर साम्बुएव यांच्याकडे गेले. आपल्याकडे घरी सर्रास उलटा हत्ती वजीर म्हणून चालतो, त्यामुळे हे मुलांना पटवायला वेळ लागेल. नियमानुसार हवा तो मोहरा हाताशी नसेल, तर घड्याळ थांबवून पंचांकडे मागता येतो आणि मोहरा बढतीच्या घराला टेकला की निवड बदलता येत नाही.

गोदातीर:
सर्वांचे आभार. या रविवारी सावेद्राची स्थिती मांडून ठेवीन आणि कोणाला तरी हत्ती सुचेपर्यंत उत्तर सांगणार नाही. घोड्याचा अंत्यखेळ त्यापुढच्या आठवड्यात घेईन. घड्याळजींचे वाचून प्रत्येक पटाशेजारी एकेक जादा वजीर ठेवण्याचेही ठरवले आहे.

जुना पट:
शेजारी केवळ वजीर ठेवलात, तर मुले तोच उचलतील. चारही प्रकारचे मोहरे ठेवावेत.